विटा (जि. सांगली) ते धायरी (पुणे): बंद पडलेली पद्मिनी घरी आणताना

१ डिसेंबर २०२४, रविवार. विटा

प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, १९८५ चं मॉडेल, पेट्रोल, १०८९ सीसी, गिअर स्टेअरिंगवर, पुढे अखंड बाकडं. मूळ रंग क्रीम, त्यावर कुणीतरी पांढरा मारलाय. नंबर जुना तीन अक्षरी, एमएच-१० वगैरे यायच्या आधीचा. २०११ पासून गाडी जागची हललेली नाही.

उभी आहे यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या पडवीत. माग अजून चालू आहेत, त्यामुळे इतकी वर्षं उडालेला कापूस गाडीवर बसत गेलाय. बाहेरचा झटकला की निघतो. बॉनेट उघडल्यावर मात्र इंजिन दिसतच नव्हतं. जुन्या ऑइलच्या चिकट्याला कापूस धरलेला, त्यावर धूळ, त्यावर परत कापूस. बोटाने उचकटला तर जाड नमद्यासारखा सलग पापुद्रा निघाला आणि त्याखाली कार्ब्युरेटर सापडला. एअर क्लीनरच्या डब्यात उंदरांनी त्याच कापसाचं घर केलेलं.

इंजिनाकडे मी बघितलंच नाही म्हटलं तरी चालेल. या गाडीचं इंजिन साधं आहे, जुने मिस्त्री डोळे मिटून उघडतात, आणि सामान पुण्याच्या नाना पेठेत थोडं शोधलं की मिळतं. बघायचा तो पत्रा. पद्मिनीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार घेते. खालचा पत्रा सडला तर गाडीचा कणाच गेला. रुमालात गुंडाळलेला लोहचुंबक घेऊन गेलो होतो. दारं, छप्पर, डिकीचं झाकण ठीक. मागच्या डाव्या मडगार्डला चुंबक धरत नाही, तिथे लांबी (पुटी) भरलेली आहे. ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचलली तर सडलेल्या पत्र्यातून पडवीची फरशी दिसली. दारांखालच्या पट्ट्या स्क्रू ड्रायव्हरने टोचल्या. उजवी घट्ट, डावीत टोक आत गेलं. कापूस ओल धरून ठेवतो आणि डावी बाजू यंत्रमागांकडे होती.

गाडी त्या घरातल्या काकांची, ते २०१६ मध्ये वारले. काकू आणि सूनबाई घरी असतात, मुलगा कोइमतूरला गलाईच्या धंद्यात. विट्याकडे हे घरोघरी आहे, सोनं-चांदी गाळायला माणसं देशभर गेलेली. व्यवहार फोनवर मुलाशी. त्याने ऐंशी हजार सांगितले. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली, त्या बातम्यांपासून ज्याच्या-त्याच्या गोठ्यातली फियाट ‘व्हिंटेज’ झाली आहे. कायद्यात व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची गाडी. हिला अजून दहा वर्षं आहेत. हे त्याला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून डाव्या पट्टीचे फोटो पाठवले. बावन्न हजारांवर आला. काकूंनी चहा दिला आणि स्पष्ट सांगितलं, “गाडी हाय तशी हाय बघा. नंतर फोन करून तक्रार चालायची न्हाई.”

टोकन पाच हजार. बाकीचे पैसे गाडी शेडबाहेर निघाल्यावर आणि कागद बघितल्यावर.

७-८ डिसेंबर. चाकं मोकळी करणे

ज्यांना अशी गाडी आणायची आहे त्यांनी हा भाग नीट वाचा. चारही चाकं हाताने फिरल्याशिवाय कुठलाही टेम्पो, क्रेन, ट्रॅक्टर बोलवू नका. न फिरणारी गाडी हलवायचे पैसे दुप्पट लागतात, आणि फरफटत नेताना काय तुटेल ते वेगळं.

धायरीहून आमचे मिस्त्री आणि मेहुणा बरोबर होते. सामान: दोन जॅक, लाकडी ठोकळे, पाने, टॉमी, हातोडा, गंज सोडवायचा स्प्रे, डिझेलचा कॅन, हवा भरायचा पंप.

पहिला जॅक डाव्या पट्टीखाली लावला आणि गाडीऐवजी जॅकच वर गेला, पत्र्यात. मग मागचं टोक स्प्रिंगच्या पाट्यांच्या जवळून ॲक्सलखाली आणि पुढचं आडव्या मेंबरखाली (पोटाखालच्या लोखंडी तुळईखाली) जॅक लावून उचललं. ठोकळे सगळे घट्ट जागी. जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली शिरू नये.

चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पुढची दोन अर्ध्या तासात सुटली. ब्लीडिंगचा (ब्रेक ऑइल सोडायचा) निपल सैल केल्यावर आत अडकलेलं काळं ऑइल फुसकन बाहेर आलं आणि शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे तुकडे, मागे सरकले. मागचं उजवं ड्रमवर भोवतीने लाकूड ठेवून ठोकत ठोकत सुटलं. मागचं डावं सुटेना. निपल तुटला. शू ड्रमला गंजाने चिकटलेले, आणि ड्रमला आतून ओरखड्याची कड पडलेली, त्यामुळे ड्रम बाहेर येताना शू अडत होते.

मिस्त्रींनी गॅसचा बर्नर काढला. ड्रम तापवला की फुगतो आणि सुटतो, त्यांचा नेहमीचा उपाय. त्यांनी तो पेटवायच्या आत मागवाला शेडमधून ओरडत आला, आणि त्याचं बरोबर होतं. चहूकडे कापूस, गाडीत कापूस, टाकीत जुनं पेट्रोल. ती शेड दहा मिनिटांत गेली असती. बर्नर बंद करून लांब ठेवला.

मग डिझेलात भिजवलेल्या चिंध्या ड्रमच्या कडेला रात्रभर गुंडाळून ठेवल्या. विट्यातच लॉजवर राहिलो, खोलीचे नऊशे रुपये. सकाळी मागच्या प्लेटमधून ॲडजस्टमेंट मागे घेऊन, दोन बाजूंनी दोघांनी एका तालात ठोकल्यावर ड्रम एक सूत हलला. अकराच्या सुमारास निघाला. आतले रबर दगड झालेले. सिलिंडर काढून ठेवला, पाइपचं तोंड बोल्ट आणि वॉशरने बंद केलं. म्हणजे गाडीला आता ब्रेक नाहीत, पण चाकं फिरतात.

टायर: चारही मूळचे, भेगा पडलेले. नवीन ट्यूब घालून हवा भरली तर पुढच्या डाव्यात भेगेतून ट्यूबचा फुगा आला. विट्यातल्या पंक्चरवाल्याकडे स्विफ्टचे उतरवलेले १४ इंची टायर होते. रिम १४ इंचीच असल्यामुळे ट्यूब घालून चारही बसवले. चार टायर, चार ट्यूब आणि मजुरी मिळून ४,६००. हे टायर फक्त गाडी ढकलायला, चालवायला नाहीत.

टाकीतलं पेट्रोल ट्यूबने बाहेर काढलं. रंग चहाचा, वास वार्निशचा. साडेसहा लिटर निघालं. बॅटरीची जागा रिकामीच होती.

१४ डिसेंबर, शनिवार. कागद

गाडीचं नोंदणी पुस्तक मिळालं. जुनं, हाताने लिहिलेलं, निळ्या शाईतलं. त्यात चार गोष्टी निघाल्या.

एक, गाडी काकांच्याच नावावर आहे. मयताच्या नावावरून थेट माझ्या नावावर येत नाही. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची, मग फॉर्म २९ आणि ३० वर विक्री. काकू, कोइमतूरचा मुलगा आणि इचलकरंजीची मुलगी असे तीन वारस. काकूंच्या नावावर करायची आणि बाकी दोघांनी संमतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं ठरलं. एक एजंट म्हणाला, “तुम्ही कशाला त्रास घेता, जुनीच सही मारून देतो.” म्हणजे मेलेल्या माणसाची खोटी सही. नमस्कार करून बाहेर पडलो. पुढे चेसिस नंबरवरून (गाडीच्या पत्र्यावर ठोकलेल्या ओळख क्रमांकावरून) काही निघालं तर तुरुंगात मी जाणार, एजंट नाही.

दोन, पुस्तकावर एका सहकारी बँकेचा बोजा. कर्ज १९८९ लाच फिटलंय, पण नोंद काढली नाही. ती बँक पुढे दुसऱ्या बँकेत विलीन झाली. काकूंच्या ट्रंकेत कर्जफेडीची पावती मिळाली, हे नशीब. आता विलीन करून घेणाऱ्या बँकेकडून फॉर्म ३५ आणि पत्र. तिथले साहेब म्हणतात इतका जुना रेकॉर्ड शोधावा लागेल. शोधतायत.

तीन, गाडी ऑनलाइन दिसतच नाही. नोंद सांगलीच्या जुन्या रजिस्टरमध्ये आहे, ती संगणकावर चढवायला बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागेल. त्याशिवाय वरचा एकही फॉर्म पुढे सरकत नाही.

चार, चेसिस नंबर. इंजिनमागच्या पत्र्यावर रॉकेल आणि दात घासायचा ब्रश घेऊन बसलो. कापसाचा थर निघाला, मग ग्रीस, मग रंगाचे दोन हात. आकडे उमटले, पण शेवटून दुसरा आकडा ३ आहे की ८ ते कळेना. पुस्तकात ८. कागद ठेवून पेन्सिल घासली तेव्हा डाव्या बाजूची वळणं पुसट पण पूर्ण आली. ८ च आहे. पेन्सिल प्रिंटच्या पाच प्रती काढल्या आणि दिवसाच्या उजेडात फोटो घेतले. ही प्रिंट पैसे द्यायच्या आधी काढा.

विक्रीचा करार पाचशेच्या स्टॅम्पवर, कारण शंभरचा आता चालत नाही. त्यात गाडी बंद अवस्थेत आहे, वाहून नेण्यासाठी ताबा दिला, नावावर करण्याची कागदपत्रं देण्याची जबाबदारी विक्रेत्याची, आणि दहा हजार रुपये नावावर झाल्यावर, असं लिहून घेतलं. मुलाने थोडी कुरकुर केली. काकू म्हणाल्या, “बरोबर हाय त्यांचं.” विषय संपला.

२२ डिसेंबर, रविवार. शेडबाहेर

गळीत हंगाम सुरू, त्यामुळे तालुक्यातला एक ट्रॅक्टर रिकामा नाही. सगळे उसाला. शेवटी कडेगावकडे निघालेला एक जण दोन ट्रेलर रस्त्याकडेला सोडून अर्ध्या तासासाठी आला. हजार रुपये.

साखळी पुढच्या बंपरच्या ब्रॅकेटला अडकवली. पहिल्याच हिसक्याला ब्रॅकेट पत्र्याचा तुकडा घेऊन हातात आलं. बंपर शोभेला असतो. मग नायलॉनचा पट्टा खालच्या आडव्या मेंबरला दोन्ही बाजूंनी गुंडाळला, मध्ये साखळी, आणि ट्रॅक्टरवाल्याला हिसका न देता ताण घ्यायला सांगितलं. गाडीत मेहुणा स्टेअरिंगवर, गिअर न्यूट्रल, आणि ब्रेक नसल्याने दोन पोरं मागच्या चाकांजवळ ठोकळे घेऊन. सुरळीत बाहेर आली. जिथे उभी होती तिथे जमिनीवर कापसाचा गाडीच्या आकाराचा चौकोन, मध्ये ऑइलचा डाग.

आता पुण्याला कशी न्यायची. चार सल्ले मिळाले होते.

दोरीने ओढत: नियमाने दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसनवाला माणूस हवा, मागे ‘ऑन टो’ची पाटी हवी, वेग ताशी पंचवीसच्या आत. दोनशे किलोमीटर, खंबाटकी घाट, आणि ब्रेक नाहीत. हा सल्ला देणारे लोक स्वतः त्या गाडीत बसणार नसतात.

पुढची चाकं उचलणारी टोइंग व्हॅन: पद्मिनी मागच्या चाकांवर चालते. मागची चाकं रस्त्यावर फिरली की प्रोपेलर शाफ्ट फिरतो आणि गिअरबॉक्सचा मागचा भाग इंजिन बंद असताना, पुरेसं ऑइल न उडता फिरत राहतो. शाफ्ट सोडवला तर जमतं. पण मागच्या डाव्या ड्रममध्ये आम्ही काय करून ठेवलंय ते मला माहीत होतं.

छोटा हत्ती: गाडी जवळजवळ चार मीटर लांब. मावत नाही.

आयशर, रिटर्न भाड्याने: सूत उतरवून पुण्याकडे रिकामा जाणारा चौदा फुटी आयशर सहा हजारांत तयार झाला. मोह पडला आणि त्याच दिवशी करून बघितलं. ट्रकचं मागचं टोक मुरमाच्या बांधाला लावलं, तरी फूटभर उंची राहिली. त्यावर इमारतीच्या कामाच्या फळ्या टाकून ढकलायला सुरुवात केली. गाडी नऊशे किलोच्या आसपास. पुढची चाकं चढली, मागचं चाक फळीवर आलं आणि फळी मधोमध कडाडली. गाडी पोटावर बसली, सायलेन्सर चपटा. कुणाला लागलं नाही. जॅकने उचलून मागे घ्यायला संध्याकाळ झाली आणि आयशरवाला खोटीचे (थांबून राहिल्याचे) दीड हजार घेऊन गेला. लोखंडी रॅम्प असल्याशिवाय हा प्रकार करू नये.

कराडच्या फ्लॅटबेडवाल्याला फोन केला. येण्याजाण्याचं दोन्ही भाडं धरून चौदा हजार, टोल त्यात. पहिल्याच दिवशी त्याला बोलावलं असतं तर आयशरचे दीड हजार आणि सायलेन्सर दोन्ही वाचलं असतं.

२८ डिसेंबर, शनिवार. रस्ता

फ्लॅटबेड दहाला आली. बेड तिरका होतो, विंच गाडी ओढून घेते. जे काम गेल्या रविवारी दहा जणांना जमलं नाही ते एका माणसाने रिमोटवर वीस मिनिटांत केलं. चालक जाणता होता, हुक लावण्याआधी खाली वाकून पत्रा बघितला आणि विंचचा पट्टा मेंबरलाच घेतला. चारही चाकांना स्वतंत्र पट्टे, मागेपुढे लाकडी पाचरी, डिकी सुतळीने बांधली.

करार, पुस्तकाची प्रत, काकूंचं पत्र आणि त्यांच्या आधारची प्रत चालकाच्या केबिनमध्ये. ओगलेवाडीच्या अलीकडे एका पोलिसाने थांबवलं. कागदांपेक्षा त्याला गाडीतच रस. “आमच्या मामांची होती अशीच,” म्हणत आत डोकावला.

कराडजवळ पुलाच्या कामामुळे तास गेला. साताऱ्यापुढे एका लहान मुलाने बसच्या खिडकीतून आमच्याकडे बोट दाखवलं तेव्हा आरशात बघितलं. मागच्या काचेच्या फटीतून कापूस उडत होता आणि मागून येणारा प्रत्येक जण वायपर चालवत होता. थांबून फटींना चिकटपट्टी लावली.

खंबाटकीचा बोगदा आणि पुढचं ते बदनाम वळण चालकाने फार हळू घेतलं. तरी शिरवळला चहाला थांबलो तेव्हा मागच्या उजव्या चाकाचा पट्टा बोटाने हलत होता. पट्टा सैल झाला नव्हता, टायरमधली हवा कमी झाली होती. जुन्या रिमच्या गंजाने नवी ट्यूब घासली असावी. टायर बसला की त्यावर ताणलेला पट्टा आपोआप ढिला पडतो. परत आवळला, आणि खेड शिवापूर टोलनंतर पुन्हा बघितला, कारण पुढे कात्रजच्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आहे. बंद गाडी आणणाऱ्यांनी दर तासाला थांबून पट्टे आणि हवा दोन्ही बघावीत.

रात्री साडेआठला धायरीत. सोसायटीच्या गेटची कमान फ्लॅटबेडला आडवी आली. मग बाहेरच्या रस्त्यावर उतरवून सहा जणांनी ढकलत आत. ब्रेक नसलेली गाडी पार्किंगच्या उतारावर ढकलताना प्रत्येक चाकामागे माणूस हवाच.

५ जानेवारी २०२५, रविवार

सोसायटीची नोटीस आली: ‘नादुरुस्त वाहन’ पंधरा दिवसांत हलवावे. चेअरमनकाकांशी बोललो. स्वतः पद्मिनीसाठी नंबर लावून चार वर्षं थांबलेला माणूस, पण कापसावरून बायकोचं ऐकून बसलेला. धायरी फाट्याच्या आत एका फॅब्रिकेशनवाल्याच्या शेडमध्ये कोपरा मिळाला, महिना अडीच हजार. त्याच्याकडे वेल्डिंग असल्याने डाव्या पट्टीचं कामही तिथेच होईल. मात्र गाडीतला कापूस शेवटच्या धाग्यापर्यंत निघाल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पाडू देणार नाही, असं त्याला आधीच सांगितलंय.

दोन दिवस व्हॅक्यूम, चिमटा आणि रंगाचा ब्रश. बाकड्याच्या स्प्रिंगांमध्ये, डॅशबोर्डच्या मागे, दारांच्या पोकळीत, सगळीकडे कापूस. दारांच्या तळातली पाणी जायची भोकं बुजलेली होती, म्हणून दारं खालून सडायला लागलेली. दोन पोती भरली.

१८ जानेवारी, शनिवार. कागद, पुढे

बँकेचं पत्र मिळालं. सांगलीला बॅकलॉगचा अर्ज काकूंच्या सहीने दिला. तिथल्या क्लार्कने रजिस्टर काढून दाखवलं, नोंद आहे, आकडा ८ च आहे. इचलकरंजीच्या ताईंचं प्रतिज्ञापत्र आलं, कोइमतूरचं कुरिअरमध्ये आहे.

नावावर झाल्यावर नूतनीकरण: फॉर्म २५, फी (जानेवारी २०२५ मधली) ५,०००, शिवाय पर्यावरण कर, आणि उशिराचा दंड महिन्याच्या हिशेबाने. दंडाचा आकडा बॅकलॉग झाल्यावरच कळेल. त्यासाठी गाडी तपासणीला चालत न्यावी लागते. नवी सुरक्षित नंबरप्लेट कराशिवाय ७४५ रुपये, पण तीही गाडी संगणकावर दिसल्याशिवाय बुक होत नाही.

आजवरचा खर्च: गाडी ४२,००० दिले, १०,००० बाकी. फ्लॅटबेड १४,०००. टायर-ट्यूब ४,६००. मिस्त्रींचे दोन दिवस ४,०००. ट्रॅक्टर १,०००, आयशरची खोटी १,५००. स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स, कुरिअर १,९००. विट्याच्या फेऱ्यांचं पेट्रोल आणि जेवण धरून ९,००० च्या आत नाही. लॉज ९००. शेडचं भाडं आणि अनामत ५,०००. म्हणजे ५२ ची गाडी ९४ ला पडली आणि अजून एकदाही सुरू झालेली नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं डिझेल आणि ऑइल घालून ठेवलं होतं. आज पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून मिस्त्रींनी अंदाज घेतला. आधी काहीच नाही. मग पाव फेरा उलटा, पाव फेरा सुलटा, परत उलटा. तासाभराने पूर्ण फेरा आला. हाताला कुठे खरखर नाही. तिसऱ्या सिलिंडरच्या भोकातून डिझेलबरोबर गंजाचं लाल पाणी आलं, तिथे एखादा व्हॉल्व्ह उघडा राहून ओल गेली असणार. हेड उघडावं लागेल, हे मिस्त्रींनी हात पुसता पुसताच सांगितलं.

नाना पेठेतून आणायचं: हेड गॅस्केट, चारही चाकांच्या सिलिंडरचे किट, मागचा डावा सिलिंडर नवा, मास्टर सिलिंडरचं किट, ब्रेकचे रबरी पाइप, सीबी पॉइंट आणि कंडेन्सर (दोन्ही इग्निशनचे भाग). रबर घेताना काउंटरवर बोटाने दाबून बघायचं, वर्षानुवर्षं पडून असलेला माल नवीन पाकिटातही कडक झालेला असतो. टाकी सोडवून रेडिएटरवाल्याकडे आतून धुवायला दिली आहे, गुरुवारी मिळेल.